एक रोग, एक नाव आणि काही थडगी

डब्लिन शहराच्या दक्षिण अंगाला हॅरल्ड्स क्रॉस नावाची वस्ती आहे. या वस्तीत माउंट जेरोम ही दफनभूमी आहे. जुने वृक्ष, अरुंद वाटा आणि त्यांच्या कडेला दाटीने उभे असलेले दगडी क्रूस, असे तिचे स्वरूप आहे. गणिती विल्यम रोवन हॅमिल्टन १८६५ पासून येथे विसावले आहेत. नाटककार सिंज १९०९ साली येथे आले आणि कवी व तत्त्वचिंतक जॉर्ज रसेल १९३५ साली. या सर्वांच्या आधी, १८५३ च्या मार्च महिन्यात, रॉबर्ट जेम्स ग्रेव्ह्ज या डॉक्टरांना येथे मूठमाती देण्यात आली.

‘ग्रेव्ह्ज’ या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळी थडगी असा होतो. एखाद्या डॉक्टराच्या वाट्याला याहून अशुभ आडनाव क्वचितच आले असेल. त्यातही कौतुकाची गोष्ट अशी, की हे आडनाव एका रोगाला जाऊन चिकटले. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी बेफाम होऊन गरजेपेक्षा कितीतरी अधिक स्राव रक्तात सोडू लागते, त्या विकाराचे जे सर्वांत मोठे कारण आहे, त्याला आज जगाच्या मोठ्या भागात ‘ग्रेव्ह्जचा रोग’ म्हणतात. हे नाव प्रथमच कानी पडणारा आणि इंग्रजी जाणणारा रोगी दचकला, तर त्यात त्याचा दोष नाही. वस्तुतः या रोगाचा थडग्याशी तसा संबंध नाही. योग्य उपचार झाले तर त्याचे रोगी दीर्घकाळ सुखाने जगतात. परंतु ज्या माणसाचे नाव त्याला मिळाले, त्याच्या काळाचा आणि त्याच्या शहराचा थडग्यांशी फार निकटचा संबंध होता.

ज्या समाजात बहुतेकांच्या देहाला अग्नी दिला जातो, त्या समाजातील श्रोत्याला दफनाचा प्रश्न किती बिकट होऊ शकतो याची सहसा कल्पना येत नाही. चिता विझली, अस्थी सावडल्या, की ती जागा दुसऱ्यासाठी मोकळी होते. थडग्याची जागा मोकळी होत नाही. युरोपात शतकानुशतके चर्चभोवतालच्या अंगणात मृतांना पुरण्याची चाल होती. खेडे लहान असेपर्यंत ती निभावली. शहरे वाढली आणि अंगणे मात्र तेवढीच राहिली. एका शवावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे अशी रास होऊ लागली. नव्या शवाला जागा करण्यासाठी जुन्याची हाडे उपसून काढावी लागली. पॅरिसमध्ये ‘निरागस बालकां’च्या नावाने ओळखली जाणारी जुनी दफनभूमी १७८० मध्ये बंद करण्यात आली आणि १७८६ पासून तेथील हाडे गाड्या भरभरून शहराखालच्या जुन्या दगडखाणींत नेऊन रचण्यात आली. १८०४ साली त्याच शहराच्या वेशीबाहेर पेअर लाशेझ ही उद्यानासारखी दफनभूमी उघडली, आणि पुढे सर्व युरोपाने तिचा कित्ता गिरवला. लंडनच्या दफनभूमींची किळसवाणी अवस्था जॉर्ज वॉकर नावाच्या एका शस्त्रवैद्याने १८३९ साली पुस्तक लिहून वेशीवर टांगली. ती वर्णने आज वाचतानाही अंगावर काटा येतो.

डब्लिनमध्ये या अडचणीत धर्माची भर पडली होती. आयर्लंडची बहुसंख्य प्रजा कॅथलिक. राज्यसत्ता आणि प्रस्थापित चर्च प्रॉटेस्टंट. कॅथलिकांना स्वतःच्या दफनभूमी नव्हत्या, त्यामुळे आपल्या माणसांना प्रॉटेस्टंट चर्चच्या अंगणात पुरण्यावाचून त्यांना गत्यंतर नसे. १८२३ साली सेंट केव्हिन चर्चच्या अंगणात एका कॅथलिक गृहस्थाचे दफन चालू असता त्याच्या धर्मगुरूने प्रार्थनेला आरंभ केला, तोच चर्चच्या सेवकाने त्याला अडविले. मेलेल्या माणसासाठी त्याच्या उघड्या खड्ड्याशेजारी दोन शब्द बोलण्याचीही मुभा नसावी, ही गोष्ट साऱ्या शहराच्या जिव्हारी लागली. पुढल्याच वर्षी कायदा थोडा सैल झाला. परंतु सवलतीच्या भरवशावर न राहता स्वतःची भूमी मिळवावी, असा निश्चय कॅथलिकांचे पुढारी डॅनियल ओकॉनेल यांनी केला. त्यातून १८२९ साली गोल्डनब्रिज आणि १८३२ साली ग्लासनेव्हिन येथील दफनभूमी उभ्या राहिल्या. कोणत्याही पंथाच्या माणसाला तेथे मज्जाव नव्हता. ग्लासनेव्हिनमध्ये पहिले दफन झाले ते फेब्रुवारी १८३२ मध्ये, एका अकरा वर्षांच्या मुलाचे.

गोरगरिबांसाठी किलमेनहॅम भागात एक फुकटची जागा होती. तिला लोक ‘बुलीज एकर’ म्हणत. तिला ना कुंपण होते ना राखण. त्यामुळे रात्रीच्या अंधारात ताजी थडगी उकरून शवे पळविणाऱ्या टोळ्यांची तेथे चंगळ होती. शरीरशास्त्राच्या शाळांना विच्छेदनासाठी शवे हवी असत आणि कायद्याने ती पुरेशी मिळत नसत. एडिंबरोमध्ये तर १८२८ साली दोघांनी शवे विकण्यासाठी जिवंत माणसांचे खून पाडल्याचे उघडकीस आले, आणि त्या गदारोळानंतर १८३२ मध्ये शवांच्या पुरवठ्याचा कायदा झाला. वैद्यकाच्या प्रगतीचा हा पाया फारसा गौरवास्पद नाही. पण तो पाया होता हे नाकारून चालणार नाही.

त्याच १८३२ साली डब्लिनमध्ये पटकी आली. १८१७ साली बंगालात उफाळलेली ही साथ मुक्काम करीत करीत पंधरा वर्षांनी युरोपच्या पश्चिम टोकाला पोहोचली होती. ‘बुलीज एकर’मध्ये इतकी प्रेते येऊन पडली, की अधिकाऱ्यांना ती जागा कायमची बंद करावी लागली. चारच वर्षांनी, १८३६ साली, एका कंपनीने माउंट जेरोमची दफनभूमी उघडली. पुढे ग्रेव्ह्ज यांना जी भूमी लाभली, ती अशा रीतीने निर्माण झाली.

ग्रेव्ह्ज यांचा जन्म १७९६ सालचा. वडील धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते. ट्रिनिटी कॉलेजातून १८१८ साली पदवी घेतल्यावर तीन वर्षे ते युरोपभर हिंडले. बर्लिन, ग्योटिंगेन, कोपनहेगन, एडिंबरो अशा ठिकाणच्या नामांकित आचार्यांची व्याख्याने त्यांनी ऐकली. त्यांच्या प्रवासाच्या हकिकती त्यांचे सहकारी आणि मित्र विल्यम स्टोक्स यांनी लिहून ठेवल्या आहेत. ऑस्ट्रियात ते इतके अस्खलित जर्मन बोलले, की कोणी आयरिश माणूस असे बोलू शकेल यावर अधिकाऱ्यांचा विश्वास बसला नाही. त्यांना हेर समजून दहा दिवस कोठडीत डांबण्यात आले. आल्प्समध्ये एक चित्रकार त्यांचा सोबती झाला. दोघे कित्येक दिवस बरोबर हिंडले, पण एकमेकांचे नाव विचारण्याचे कोणाला सुचले नाही. तो चित्रकार म्हणजे विख्यात टर्नर, असे स्टोक्स सांगतात. भूमध्य समुद्रात वादळाने जहाजाला भोके पडली आणि खलाशी ते सोडून पळण्याच्या बेतात असता, ग्रेव्ह्ज यांनी होडीच कुऱ्हाडीने फोडून त्यांची वाट बंद केली आणि आपल्या बुटांचे चामडे कापून पंपाची दुरुस्ती केली, अशीही एक कथा आहे. मित्राच्या लेखणीत थोडा रंग अधिक भरला गेला असेल. तरी स्वभावाची ठेवण त्यातून कळते.

१८२१ साली ते डब्लिनच्या मीथ रुग्णालयात डॉक्टर म्हणून रुजू झाले. त्या काळी वैद्यकाचा विद्यार्थी व्याख्याने ऐकून आणि ग्रंथ घोकून डॉक्टर होई. रोग्याच्या अंगाला हात लावण्याची पाळी त्याच्यावर अनेकदा पदवी हाती पडल्यावरच येई. जर्मनीत पाहिलेली पद्धत ग्रेव्ह्ज यांनी येथे आणली. प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही रोगी सोपवावयाचे, त्याने त्यांचे लक्षण, निदान आणि उपचार स्वतः ठरवावयाचे आणि सर्वांसमक्ष त्याची चर्चा करावयाची. चर्चा लॅटिनमध्ये नव्हे, तर विद्यार्थ्याच्या रोजच्या बोलीत. नाडी मोजताना घड्याळ हाती घ्यावे हा त्यांचा आग्रह असे.

त्यांनी केलेला सर्वांत मोठा बदल ज्वराच्या उपचारात होता. टायफस ज्वर हा आयर्लंडचा कायमचा पाहुणा. १८२२ साली गॉलवे भागात त्याची साथ आली, तेव्हा तरुण ग्रेव्ह्ज स्वतः तेथे जाऊन राहिले होते. ज्वराच्या रोग्याला उपाशी ठेवावयाचे, त्याचे रक्त काढावयाचे, हा तेव्हाचा सर्वमान्य उपचार होता. लंघनाला परमौषध मानण्याची रूढी आपल्याकडेही जुनीच आहे. ग्रेव्ह्ज यांनी साधा विचार मांडला. धडधाकट माणसाला काही दिवस अन्नावाचून ठेवले, तर त्याचे डोके दुखू लागते, झोप उडते, त्याला भ्रम होतो, तो गळून जातो. मग जो आधीच ज्वराने खंगला आहे, त्याची तीच लक्षणे रोगाची म्हणावयाची की उपासाची? त्यांनी ज्वराच्या रोग्यांना अन्न देण्यास सुरुवात केली. पुढे एकदा, वॉर्डातील बरे होत आलेल्या रोग्यांचे टवटवीत चेहरे पाहून ते स्टोक्सना म्हणाले, की माझ्या थडग्यावर काय लिहावे याची तुम्हाला पंचाईत पडू नये, म्हणून मीच तीन शब्द सुचवून ठेवतो. त्या तीन इंग्रजी शब्दांचा भावार्थ एवढाच, की याने तापकऱ्यांना जेवू घातले.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडाले, महादुष्काळ पडला आणि भुकेच्या पाठोपाठ ज्वराची साथ आली. त्या वेळी या तीन शब्दांना केवढा अर्थ आला असेल, हे सांगावयास नको. ज्वराच्या रुग्णालयांत जीव धोक्यात घालणाऱ्या डॉक्टरांना सरकारी मंडळाने दिवसाला पाच शिलिंग देऊ केले, तेव्हा ग्रेव्ह्ज यांनी त्या मंडळाला जाहीर पत्र लिहून खडसावले. पटकीच्या साथीचा मार्ग त्यांनी देशोदेशींच्या नोंदींवरून शोधून काढला आणि ती हवेतून आपोआप पसरत नसून माणसांच्या वाहतुकीबरोबर चालते, असे आग्रहाने प्रतिपादिले. रोगजंतूंचा शोध लागण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

एवढी कामे करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात थायरॉइडवरील व्याख्यान हा अगदी छोटा भाग होता. १८३५ साली लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले. तीन स्त्रियांचा त्यात उल्लेख आहे. तिघींचेही हृदय सतत आणि विलक्षण जोराने धडधडत असे आणि तिघींच्या गळ्यातील ग्रंथी सुजलेली होती. धडधड वाढली की सूज वाढे, आणि ती ओसरली की सूज ओसरे. सामान्य गलगंडात असे होत नाही, हे ग्रेव्ह्ज यांनी नेमके हेरले. यांखेरीज एका चौथ्या स्त्रीचे वर्णन त्यांनी केले. तिची बुबुळे इतकी पुढे आली होती, की झोपेतही पापण्या मिटत नसत आणि डोळ्यांचे पांढरे सर्व बाजूंनी दिसत असे. निरीक्षण अचूक होते. अनुमान मात्र चुकले. मूळ बिघाड हृदयात आहे आणि त्याचा उन्मादवायूशी काही संबंध असावा, असे त्यांना वाटले. स्त्रीच्या दुखण्याचे कारण सापडले नाही की ते उन्मादाच्या खाती टाकावयाचे, ही त्या शतकातील डॉक्टरांची खोड होती. ग्रेव्ह्ज यांच्यासारखा चिकित्सकही तिच्यातून सुटला नाही.

हा रोग प्रथम पाहण्याचा मानही खरे पाहता त्यांचा नव्हता. इंग्लंडमधील बाथ या गावी केलेब पॅरी नावाचे डॉक्टर होते. देवीची लस शोधणाऱ्या जेन्नर यांचे ते बालमित्र. जेन्नर यांनी १७९८ साली आपला तो प्रसिद्ध ग्रंथ पॅरी यांनाच अर्पण केला. वाढलेला गळा, धडधडणारे हृदय आणि बाहेर आलेले डोळे असलेली स्त्री पॅरी यांनी १७८६ सालीच पाहिली होती. पुढे त्यांना असे आणखी रोगी भेटले. त्यांतील एक एकवीस वर्षांची मुलगी उतारावरून वेगाने जाणाऱ्या चाकाच्या खुर्चीतून फेकली गेली होती. त्या भीतीनंतर थोड्याच दिवसांत तिचा विकार सुरू झाला. पॅरी यांनी हे सारे टिपून ठेवले, पण छापले नाही. १८१६ साली त्यांना पक्षाघात झाला आणि १८२२ साली ते निवर्तले. मुलाने ती टिपणे १८२५ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा ग्रेव्ह्ज यांच्या व्याख्यानाला अजून दहा वर्षे अवकाश होता. पॅरी बाथच्या जुन्या भव्य मंदिरात चिरविश्रांती घेत आहेत. ख्यातनाम वैद्यकपंडित ऑस्लर यांनी या रोगाला पॅरींचे नाव द्यावे म्हणून खटपट केली, पण तोवर फार उशीर झाला होता.

ग्रेव्ह्ज यांच्यानंतर पाच वर्षांनी, १८४० साली, जर्मनीतील मेर्झेबुर्ग या लहानशा गावातल्या कार्ल फॉन बाझेडो या डॉक्टरांनी चार रोग्यांची अधिक तपशीलवार हकिकत लिहिली. गलगंड, बाहेर आलेले डोळे आणि हृदयाची धडधड या तीन लक्षणांचा मेळ त्यांनी इतका पक्का बसविला, की जर्मन वैद्यक आजही त्याला ‘मेर्झेबुर्गचे त्रिकूट’ म्हणते. १८५४ साली टायफसने मेलेल्या रोग्याचे शवविच्छेदन करताना संसर्ग होऊन बाझेडो त्याच गावी मरण पावले. जर्मनीत आणि जपानात हा रोग बाझेडोच्या नावानेच ओळखला जातो. फ्रान्समधील प्रख्यात डॉक्टर त्रूसो हे मात्र ग्रेव्ह्ज यांच्या व्याख्यानांचे निस्सीम भक्त होते. आपल्या विद्यार्थ्यांनी ती व्याख्याने पुन्हा पुन्हा वाचावीत असे ते सांगत. त्यांनी ग्रेव्ह्ज यांचे नाव उचलून धरले आणि इंग्रजी जगाने ते स्वीकारले. रोगाला कोणाचे नाव मिळावे, हे प्रथम कोणी पाहिले यापेक्षा कोणाचा कोणी चाहता होता यावर ठरते, असे म्हणावे लागते.

मृत्यू आणि दफन यांच्यामध्ये जे थोडे तास मिळत, त्यांत शव उघडून रोगाचे मूळ शोधणे हा एकोणिसाव्या शतकातील वैद्यकाचा सर्वांत मोठा आधार होता. फुप्फुसाच्या आणि यकृताच्या रोगांत या मार्गाने पुष्कळ ज्ञान मिळाले. या रोगात मात्र त्याने फारसे साहाय्य केले नाही. मृतदेहात फुगलेले हृदय दिसते, सुजलेली ग्रंथी दिसते. पण ग्रंथी जिवंतपणी गरजेपेक्षा अधिक काम करीत होती, हे मेलेली ग्रंथी कसे सांगणार? जे थडग्याच्या काठावर कळले नाही, ते जिवंत रोग्यांकडूनच कळावयाचे होते.

आणि त्या जिवंत रोग्यांचे हाल फार होते. इंग्रज कवयित्री ख्रिस्तिना रोझेटी १८७१ साली या रोगाने अंथरुणाला खिळल्या. त्यांचे केस गळाले, कांती काळवंडली, डोळे बाहेर आले, हात इतके कापू लागले की लेखणी धरणे कठीण झाले. कुटुंबीयांना त्या ओळखू येईनात. डॉक्टरांनी रोग ओळखला, पण त्यावर त्यांच्यापाशी खात्रीचे औषध नव्हते. त्या वाचल्या, चेहऱ्यावरच्या खुणा मात्र पूर्णपणे गेल्या नाहीत, आणि त्यानंतर त्या लोकांत फारशा मिसळल्या नाहीत. १८९४ च्या अखेरीस त्यांचे निधन झाले ते कर्करोगाने. लंडनच्या हायगेट दफनभूमीत, आपल्या कुटुंबाच्या थडग्यात, त्यांना ठेवण्यात आले. हे थडगे साहित्याच्या इतिहासात वेगळ्याच कारणाने गाजलेले आहे. त्यांचे बंधू कवी दान्ते गेब्रिएल यांनी १८६२ साली पत्नीच्या शवपेटीत प्रेमाच्या भरात आपल्या कवितांची वही ठेवली होती. सात वर्षांनी त्यांना त्या कविता हव्याशा वाटल्या आणि रात्री शेकोटी पेटवून ती पेटी पुन्हा उघडण्यात आली. हायगेट ही १८३९ साली उघडलेली, माउंट जेरोमच्याच पिढीतली, कंपनीने चालविलेली दफनभूमी. अशा कंपन्यांना थडग्यांच्या विक्रीवर नफा होई; पण सगळी जागा भरली की विकण्यासारखे काही उरत नसे आणि देखभालीचा खर्च मात्र राहत असे. १९७५ साली हायगेटचा तो जुना भाग झाडाझुडपांनी गिळून टाकल्याच्या अवस्थेत बंद पडला. नागरिकांच्या एका मंडळाने नंतर तो सावरला.

खरे कारण ग्रंथीतच आहे, ही जाणीव १८८० नंतरच्या दशकात आली. १८८४ साली फ्रांकफुर्टचे लुडविग रेन यांनी ग्रंथीचा भाग कापून काढल्यावर हृदयाची धडधड थांबते असे दाखविले, आणि १८८६ मध्ये म्योबियस यांनी ग्रंथीचा अतिरेकी व्यापार हेच या रोगाचे मूळ असल्याचा सिद्धांत मांडला. ग्रंथी कापण्याची विद्या मात्र स्वित्झर्लंडमध्ये वाढली, कारण तेथील डोंगराळ खोऱ्यांत गलगंड घरोघर होता.

बर्नचे थिओडोर कोखर हे या विद्येचे अधिपती. पूर्वी ज्या शस्त्रक्रियेत रक्तस्रावाने आणि दूषिताने कित्येक रोगी दगावत, तिच्यातील मृत्यूंचे प्रमाण त्यांनी शेकड्याला एकाच्याही खाली आणले. परंतु या यशाच्या पोटात एक भयंकर गोष्ट दडलेली होती. १८७४ साली त्यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली. जखम उत्तम भरली, मुलगी घरी गेली. पुढे तिला पाहणाऱ्या गावच्या डॉक्टरांनी कळविले, की तिचा स्वभाव पालटला आहे, ती मंद झाली आहे. जिनिव्हाच्या रेव्हर्डें यांनीही १८८२ साली असाच अनुभव सांगितला. तेव्हा कोखर यांनी आपले जुने रोगी परत बोलाविले. संपूर्ण ग्रंथी काढलेले अठरा जण आले. त्यांतील सोळा जणांची दशा दारुण होती. सुजलेले चेहरे, जड जीभ, खुंटलेली वाढ, विझलेली बुद्धी. ती मुलगीही आली. तिच्याहून धाकटी बहीण आता तिच्याहून उंच दिसत होती. दोघींची छायाचित्रे वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. कोखर यांनी १८८३ साली बर्लिनच्या शस्त्रवैद्यांच्या परिषदेत हे सारे स्वतः उभे राहून सांगितले आणि अशा गलगंडात संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले. त्यांना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्या गौरवात शस्त्रकौशल्याइतकाच या कबुलीचाही वाटा मानला पाहिजे.

त्या कबुलीतून थायरॉइडचे शरीरातील कार्य उघड झाले. १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी ग्रंथी निकामी झालेल्या एका सेहेचाळीस वर्षांच्या स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती अठ्ठावीस वर्षे जगली आणि तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या.

ग्रेव्ह्जच्या रोगाचे रोगीही कोखर यांच्याकडे येत. १९१३ च्या उन्हाळ्यात पोलंडमधून एक रशियन निर्वासित जोडपे बर्नला आले. पतीने रोगाविषयी वैद्यकीय पुस्तके वाचून काढली होती. पत्नीचे नाव नादेझ्दा क्रुप्स्काया, आणि पती म्हणजे लेनिन. शस्त्रक्रिया पार पडली, आणि क्रुप्स्काया पुढे सव्वीस वर्षांवर काही महिने नव्हे, तर जवळजवळ तेवढीच वर्षे, १९३९ पर्यंत जगल्या. लेनिन १९२४ साली वारले, तेव्हा त्यांची स्मारके उभारू नका, असे आवाहन त्यांनी वृत्तपत्रातून केले होते. ते कोणी ऐकले नाही. लेनिनचा देह काचेखाली ठेवण्यात आला आणि स्वतः क्रुप्स्कायांची रक्षा तेथून हाकेच्या अंतरावर क्रेमलिनच्या भिंतीत आहे. कोखर १९१७ साली वारले. बर्नच्या ब्रेमगार्टन दफनभूमीत ते आहेत, आणि योगायोग असा, की दुसरा एक रशियन निर्वासित क्रांतिकारक, बाकुनिन, १८७६ पासून त्याच भूमीत आहे.

ग्रंथी बेफाम का होते, हे मात्र कोखरनाही उमगले नव्हते. त्याचा धागा १९५६ साली हाती आला. न्यूझीलंडमधील डनीडिन येथे ॲडम्स आणि पर्व्ह्ज हे दोघे गिनिपिगांवर प्रयोग करीत होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा एक स्राव थायरॉइडला काम करण्याची आज्ञा देतो. ग्रेव्ह्जच्या रोग्यांच्या रक्तात तोच स्राव वाढलेला असेल, अशी अपेक्षा होती. आढळले वेगळेच. त्या रक्तातील काहीतरी द्रव्य थायरॉइडला चेतवीत होते खरे, पण त्याचा परिणाम उशिरा दिसे आणि पुष्कळ अधिक वेळ टिके. ते द्रव्य म्हणजे शरीरानेच निर्माण केलेले प्रतिपिंड होते, हे पुढील वर्षांत सिद्ध झाले. रोगजंतूंना मारण्यासाठी शरीर जी हत्यारे घडविते, त्यांतीलच एक चुकून थायरॉइडच्या कुलपात किल्लीसारखे बसते आणि कुलूप उघडेच ठेवते.

त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थायरॉइडच्या दुसऱ्या एका रोगात ग्रंथीविरुद्धचे प्रतिपिंड शोधून काढले. तो रोग हाशिमोतोचा. हाकारू हाशिमोतो या तरुण जपानी शस्त्रवैद्याने १९१२ साली जर्मन भाषेत चार स्त्रियांच्या ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले होते. नंतर तो आपल्या इगा या गावी परतला, घरचा दवाखाना चालवू लागला आणि १९३४ साली रोग्याकडून आलेल्या विषमज्वराने मरण पावला. आपल्या नावाचा रोग जगभर ओळखला जाईल, याची त्याला कल्पनाही नसावी.

उपचारांची कथा थोडक्यात सांगता येते. १९२३ च्या सुमारास प्लमर यांनी शस्त्रक्रियेपूर्वी आयोडीन देण्याची रीत रूढ केली. १९४१ साली बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी किरणोत्सारी आयोडीन प्रथम रोग्याला दिले. ग्रंथी ते आयोडीन स्वतःच ओढून घेते आणि त्याच्या किरणांनी तिचा जोर ओसरतो. १९४३ साली ॲस्टवुड यांनी ग्रंथीचा स्राव रोखणारी औषधे पुढे आणली. मुंबईत परळ येथे १९६३ साली अणुशक्ती खात्याचे किरणोत्सार वैद्यक केंद्र निघाले आणि तेथेही थायरॉइडच्या रोग्यांवर किरणोत्सारी आयोडीनचे उपचार होऊ लागले.

डोळ्यांनी मात्र डॉक्टरांना सर्वांत अधिक काळ झुलविले. ग्रंथी ताब्यात आली तरी बुबुळे मागे जातीलच असे नाही, कारण डोळ्यांमागच्या पेशींवरही शरीराचा तोच चुकलेला हल्ला स्वतंत्रपणे चालू असतो. स्टिरॉइडे, किरण, खोबणीचे हाड कापून जागा करणे, असे उपाय झाले. नेमके याच विकारासाठी अमेरिकेत पहिले औषध संमत झाले ते जानेवारी २०२० मध्ये. ज्या स्त्रीच्या पापण्या झोपेतही मिटत नव्हत्या, तिचे वर्णन ग्रेव्ह्ज यांनी छापले त्याला तेव्हा एकशे पंच्याऐंशी वर्षे होत आली होती.